चौघी मैत्रिणी, पाच रात्री: श्रीलंका, क्राबी की मालदीव?

परदेशातल्या समुद्रावर फक्त मैत्रिणींनी जायचं, सोबत नवरा नाही, मुलं नाहीत, असं ठरलं की ठाणे-नवी मुंबईकडच्या ग्रुपमध्ये बहुधा तीनच नावं शेवटपर्यंत टिकतात: श्रीलंकेचा दक्षिण किनारा, थायलंडमधलं क्राबी आणि मालदीवमधलं माफुशीसारखं साधं, वस्तीचं बेट. बालीचंही नाव निघतं. पण लांबचा प्रवास, व्हिसाचे पाच लाख रुपिया आणि 2024 च्या फेब्रुवारीपासून लागू झालेला दीड लाख रुपियांचा पर्यटक कर (दोन्ही मिळून आपले साधारण साडेतीन हजार रुपये) बघून बऱ्याच जणी मागे फिरतात.

पाच रात्री, दोघींत एक खोली, साधं पण स्वच्छ गेस्टहाउस असा हिशेब धरला, तर माझ्या अंदाजानं श्रीलंका माणशी 50 ते 60 हजारांत बसतं, क्राबी 60 ते 70 हजारांत, आणि मालदीव 75 हजारांच्या पुढे सरकतं. तिकीट किती आधी काढलं यावर हे आकडे खालीवर होतील. पण निर्णय नुसत्या बेरजेवर घेऊ नका. पैसे कशावर जातात हे तिन्हीकडे फार वेगळं आहे, आणि ग्रुपचा मूड त्यावरच टिकतो किंवा बिघडतो.

सुट्टी कधी आहे?

हॉटेलांचे फोटो एकमेकींना पाठवण्याआधी सुट्टीच्या तारखा ठरवा. श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम किनारा, थायलंडचा अंदमान समुद्राकडचा किनारा आणि मालदीव, तिन्हीकडे चांगले दिवस जवळपास एकच: डिसेंबर ते एप्रिल. नैऋत्य मोसमी वारे या तिन्ही किनाऱ्यांना झोडपतात आणि आपल्या आधी तिकडे पोचतात. म्हणजे 26 जानेवारीला जोडून सुट्टी मिळणार असेल किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये रजा टाकता येणार असेल, तर तिन्ही पर्याय खुले आहेत. ख्रिसमस ते नववर्ष हा आठवडा मात्र सोडा, त्या दिवसांतले दर आपल्या बजेटचे नसतात.

ग्रुपमध्ये शाळेत शिकवणारी मैत्रीण असेल आणि तिला मे महिनाच मोकळा असेल, तर खेळ बदलतो. मग बाली (एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं), व्हिएतनाममधलं दा नांग (ऑगस्टपर्यंत चांगलं), किंवा श्रीलंकेचाच पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमालीजवळचं निलावेली किंवा पासिकुडा, यांचा विचार करा. पूर्व किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर समुद्र शांत असतो. दिवाळीच्या सुट्टीत दा नांगच्या बाजूला जाऊ नका, तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे पुराचे महिने. त्यापेक्षा भाऊबीज उरकून नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात क्राबी गाठलेलं बरं.

बजेट कुणाचं धरायचं?

सगळ्यात हात आखडता असलेल्या मैत्रिणीचं. याबाबत माझं मत पक्कं आहे. एक जण ऐरोलीच्या आयटी पार्कात मोठ्या पगारावर असते, दुसरी कळव्याला क्लासेस घेते, तिसरीनं मुलांसाठी नोकरी सोडलेली असते. तिसरी कधीच "मला परवडत नाही" म्हणत नाही. ती म्हणते, "मुलाची परीक्षा आहे, तुम्ही जाऊन या." किंवा भिशीचे पैसे लागल्यावर कशीबशी येते आणि तिथे प्रत्येक बोटसफारीच्या वेळी "मी बसते इथेच, माझं डोकं दुखतंय" म्हणून किनाऱ्यावर राहते. अशी सहल चौघींची होत नाही.

म्हणून ही तीन ठिकाणं तोलताना मी एकच प्रश्न समोर ठेवला: जपून खर्च करणाऱ्या मैत्रिणीला तिथे दिवसभर काय करता येईल, आणि किती वेळा मागे राहावं लागेल?

मालदीव: पाणी सगळ्यात सुंदर, पण प्रत्येक गोष्ट डॉलरमध्ये

मालदीव म्हटलं की पाण्यावरच्या महागड्या झोपड्या डोळ्यांसमोर येतात. ते रिसॉर्टचं मालदीव. वस्तीच्या बेटांवर गेल्या पंधरा-सोळा वर्षांत गेस्टहाउसं उभी राहिली आणि तो देश मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. माफुशी त्यातलं सगळ्यात गजबजलेलं. थुलुसधू सर्फिंगवाल्यांचं, तर धिगुराच्या जवळ व्हेल शार्क वर्षभर दिसतात.

कागदपत्रांचा त्रास इथे सगळ्यात कमी. उतरल्यावर 30 दिवसांचा व्हिसा फुकट मिळतो, फक्त प्रवासाआधीच्या 96 तासांत 'इमुगा' नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. पोहायला न येणाऱ्यांसाठी इथली उथळ, संथ खाडी फार सुखाची. कमरेइतक्या पाण्यात उभं राहूनही मासे दिसतात. बेट छोटं, त्यामुळे संध्याकाळी चौघींनी फिरतानाही दडपण वाटत नाही.

आता पैशांचं. बुकिंगच्या अॅपवर दिसणारा खोलीचा दर अनेकदा पुरा नसतो. त्यावर 17 टक्के कर, बहुतेक ठिकाणी 10 टक्के सेवाशुल्क, आणि पन्नासहून कमी खोल्यांच्या गेस्टहाउसात माणशी रात्रीला 6 डॉलर हरित कर. पाच रात्रींचे चौघींचे नुसते हरित कराचेच 120 डॉलर झाले. विमानतळावरून माफुशीला स्पीडबोटीनं एका बाजूचे वीस-पंचवीस डॉलर. मालेहून सरकारी फेरी अगदी स्वस्त आहे, पण तिला दीड तास लागतो आणि शुक्रवारी ती नसते.

खरी अडचण त्यापुढची. बेट तासाभरात पायी पालथं घालून होतं, आणि मग जे काही बघायचं ते बोटीनं: वाळूचा दांडा, डॉल्फिन, स्नॉर्केलिंग, रिसॉर्टवर एका दिवसाचा पास. प्रत्येकाला वेगळे डॉलर. जपून खर्च करणारी मैत्रीण इथे सगळ्यात लवकर एकटी पडते.

दोन नियम आधीच माहीत हवेत. वस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही आणि ड्युटी फ्रीमधून घेऊन जाताही येत नाही. स्विमसूट फक्त ठरवून दिलेल्या 'बिकिनी बीच'वर घालायचा, गावात फिरताना खांदे-गुडघे झाकायचे. मला यात गैर काही वाटत नाही, ते लोकांचं राहतं गाव आहे.

क्राबी: मजा सगळ्यात जास्त, वेळही जास्त

फुकेटला थेट विमानानं उतरून क्राबीतल्या आओ नांगपर्यंत रस्त्यानं आणखी अडीच-तीन तास. मुंबईहून फुकेट साडेचार-पाच तास, बहुधा रात्रीचं विमान, आणि घड्याळ दीड तास पुढे. पहिला दिवस झोप पुरी करण्यात जातो. म्हणून चारच रात्री हातात असतील तर क्राबीचा विचार सोडून द्या. पाच-सहा असतील तर हे ठिकाण पैसे वसूल करून देतं.

चुनखडीचे सरळसोट कडे समुद्रातून उभे राहिलेले, त्यांच्यामधून लांब शेपटाची लाकडी बोट जाते. रायले हा किनारा मुख्य भूमीलाच लागून आहे, पण कड्यांमुळे तिथे बोटीनंच जावं लागतं. सगळ्यांसोबत बोटीत बसलं तर एका बाजूचे शंभर बाहतच्या आसपास, म्हणजे तीनशे रुपयांपर्यंत. दिवसभर तिथेच पसरायचं, पोहायचं, संध्याकाळी परत. हा दिवस कुणालाही परवडतो. फी फी बेटांची सहल महाग आहे, आणि तिथे परदेशी माणसाला राष्ट्रीय उद्यानाचे 400 बाहत वेगळे पडतात. सहलीच्या दरात ते धरलेत का, हे आधी विचारा. गर्दीनं प्रवाळ मरायला लागले म्हणून माया बे हा तिथला किनारा 2018 ते 2022 पूर्ण बंद ठेवला होता. आजही दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो बंद असतो.

रात्री बाहेर पडायला क्राबी तिघांत सगळ्यात मोकळं. रात्रबाजार, मसाज, गाणी, रस्त्यावर बायकाच बायका दुकानं चालवताना दिसतात. कुणी टक लावून बघत नाही. हा मुद्दा मी हलका धरणार नाही, कारण आपण दिवसरात्र स्वतःला सावरत वावरतो, आणि पाच दिवस ते न करण्याचं सुख मोठं आहे.

शाकाहारी मैत्रिणीचे इथे हाल होतात. भाजी दिसते, पण तिच्यात माशाचा सॉस किंवा कोळंबीची पेस्ट असते. थेपले, खाकरे, मेतकूट सोबत ठेवा.

2024 च्या जुलैपासून भारतीयांना 60 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला. हे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. 2025 च्या मेपासून पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्रही भरावं लागतं. ते फुकट असतं. पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

श्रीलंका: माझं मत इथे

अडीच तासांचं विमान, घड्याळ आपलंच, आणि एका भारतीय रुपयाला सव्वातीन-साडेतीन श्रीलंकन रुपये. व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची पूर्वपरवानगी, ऑनलाइन काढायची, तीही फक्त सरकारी साइटवरून. 12 फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे, लंकाक्यूआर असलेल्या दुकानांत चालतं. तरी टुकटुक आणि शहाळ्यासाठी रोख लागतेच.

कोलंबोचा विमानतळ शहराच्या उत्तरेला कटुनायकेला आहे. चौघी असाल तर एक गाडी करून द्रुतगती मार्गानं थेट गालपर्यंत जा, भाडं चौघींत वाटलं की जड जात नाही. परतताना मात्र गालहून कोलंबो फोर्टची रेल्वे पकडा. तिकीट किरकोळ, आणि बराच वेळ रूळ समुद्राला खेटून जातात. येताना समुद्र डाव्या हाताला असतो, तिकडची खिडकी धरा. ठाण्याच्या लोकलमध्ये चढणाऱ्या बाईला ती गर्दी काहीच नाही.

मुक्काम उनावटुनाला किंवा वेलिगामाला करा. उनावटुनाचा किनारा आडोशाचा, पाणी त्यामानानं शांत. वेलिगामाच्या लाटा सर्फिंग शिकायला उत्तम, चाळिशीतल्या बायकाही तिथे पहिल्यांदा फळीवर उभ्या राहतात. मिरिसाहून नोव्हेंबर ते एप्रिल सकाळी व्हेल बघायला बोटी जातात. गालचा किल्ला आधी पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, सतराव्या शतकात डचांनी भक्कम केला. 1988 पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, आणि तटावरून फिरायला पैसे लागत नाहीत. सूर्यास्ताला अख्खं गाव तटावर येऊन बसतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. एकीला व्हेलच्या बोटीत बसायचं नसेल तर ती किल्ल्यात फिरेल, रेल्वेनं पुढच्या गावी जाऊन येईल, किनाऱ्यावर कासवं बघेल. पैसे वाचवूनही तिचा दिवस भरलेला असतो, आणि संध्याकाळी सांगायला तिच्याकडेही काहीतरी असतं. जेवण कोकणी जिभेला परकं नाही: नारळाच्या रसातली माशाची आमटी, आप्पम, खोबऱ्याचा तिखट पोल संबोल. 'राइस अँड करी'त भाताबरोबर चार-पाच भाज्या येतात, म्हणजे शाकाहारी मैत्रीणही पोटभर जेवते. फक्त संबोलात आणि काही भाज्यांत सुक्या माशाचा चुरा घालतात. त्याला 'उंबलकड' म्हणतात. नको असेल तर आधी सांगा.

उण्या बाजूही आहेत. किनाऱ्यावर सलगी करायला येणारे पुरुष भेटतात, ओसाड किनाऱ्यावर अंधार पडल्यावर एकटीनं जाऊ नये. टुकटुकवाले भाव चढवून सांगतात, 'पिकमी' अॅपवरून बोलवा. मिरिसाला पाण्याची ओढ धोक्याची आहे, लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका. दर पौर्णिमेला 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी दारू विकत नाहीत.

ग्रुप पहिल्यांदाच बाहेर पडतोय, पगार वेगवेगळे आहेत, चार-पाच रात्री आहेत, तर श्रीलंकाच. सगळ्याजणी बऱ्यापैकी कमावत्या आहेत आणि रात्री हिंडायचंय, तर क्राबी. मालदीव मी तीन रात्रींसाठीच सुचवेन, तेही ज्यांना पाण्यात पडून राहण्याखेरीज काहीच नकोय त्यांना.

ठरलं, की ही कामं लगेच

सगळ्यात आधी पासपोर्ट उघडा. प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने मुदत हवी, संपत आली असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या. आपल्यातल्या कितीजणींचा पासपोर्ट माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या नावावर असतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायची सक्ती नाही. तिकीट, ईटीए, विमा सगळं पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच काढा.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण घरी असलेल्या मैत्रिणीचे पैसे तोवर अडकतात. तिकीट आणि हॉटेल आपलं आपण वेगवेगळं काढलं तर हा प्रश्न येत नाही.

रोजच्या खर्चासाठी एक सामाईक पाकीट ठेवा. सकाळी सगळ्यांची सारखी कॉन्ट्री त्यात, जेवण आणि टुकटुक त्यातूनच, बोटसफारी मात्र जिची तिनं. पॅड किंवा कप घरूनच न्या, छोट्या बेटांवरच्या दुकानांत निवड नसते. स्कूटर भाड्यानं घेऊ नका: त्या देशात चालणारा परवाना नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते.

विमानासाठी नुसतं सहार धरून चालू नका. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झाला आहे, त्यामुळे तिकीट शोधताना दोन्ही विमानतळ टाकून बघा. रात्रीचं विमान असेल तर घोडबंदरवालीनं आणि खारघरवालीनं वेगवेगळ्या टॅक्सी करू नयेत. संध्याकाळीच एकीच्या घरी जमा, जेवा, आणि तिथून एकाच गाडीनं निघा.