नाळेला क्लॅम्प की दोरा?

गोव्यात डिचोलीला नवं प्रसूतिगृह मांडणाऱ्या मित्राने विचारलं, जन्मलेल्या बाळाची नाळ बंद करायला प्लॅस्टिकचे क्लॅम्प, म्हणजे चिमटे, मागवू की निर्जंतुक दोरा? त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

क्लॅम्पच्या बाजूने बरंच बोलता येईल. झटकन बसतो, नवख्या सिस्टरलाही जमतो, नाळ सुकून आक्रसली तरी पकड सुटत नाही. दोऱ्याचं दुखणं नेमकं तिथेच. जाड, बुळबुळीत नाळेवर बांधलेली गाठ काही तासांत सैल पडते. पुन्हा पुन्हा पाहायचं, रक्त झिरपत असेल तर दुसरी गाठ मारायची. रात्रपाळीला एकच सिस्टर असली की हे जड जातं.

तरी माझं मन दोऱ्याकडे झुकतं, ते क्लॅम्पच्या 'टक्' आवाजामुळे. तो लागला की संपलं. कुलूप उघडत नाही. कापायला वेगळं कटर लागतं, आणि हवं तेव्हा ते ट्रेमध्ये नसतं. एरवी काही बिघडत नाही. पण गर्भात सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडं नाळेत उतरतं आणि बाराव्यापर्यंत पोटात परततं. क्वचित त्यातली एखादी वेटोळी बुडाशीच राहून जाते. बाहेरून दिसतं ते एवढंच, की नाळेचं बूड जरा रुंद आहे. त्यात नाळेचं लांब शेपूट लंगोटात अडकतं म्हणून क्लॅम्प चामडीलगत लावायची सवय असते. मग चिमटतं ते आतडं. असं एक बाळ दुसरीकडून आलेलं मी पाहिलंय: हिरवी उलटी, फुगलेलं पोट, क्लॅम्पच्या कडेने झिरपणारी काळपट शी. शस्त्रक्रियेनंतर सुखरूप घरी गेलं, पण आईबापांचे ते दिवस कसे गेले असतील!

दोरा बांधताना नाळ बोटांत धरावीच लागते आणि फास हळूहळू आवळतो. आत काही मऊ, सरकणारं असेल तर बोटांना लागतं. शंका आली तर गाठ तिथल्या तिथे सोडवता येते. हे काही मोजून ठरवलेलं नाही, माझ्या हातांचा अनुभव आहे. दोराही चामडीला भिडवून आवळला तर तोच घात करील, हेही खरं. एरवी चामडीपासून दोन-तीन सेंटीमीटर सोडतो. बूड रुंद वाटलं तर पाच किंवा जास्त, आणि मागून टॉर्च धरून पाहतो. सावली दिसली तर तो भाग दाबून आत ढकलायचा नाही. ओल्या निर्जंतुक गॉझने झाकून बाळाला ऊब देत बालशल्यचिकित्सकाकडे पाठवायचं. पावसाळी रात्री वाळपईहून बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठणं कसं असतं, हे सत्तरीकरांना सांगायला नको.

बाळंतपणं भरपूर आणि सिस्टर बदलत्या असतील तर क्लॅम्प घ्यावेत, पण कटर ट्रेलाच बांधून ठेवावं. जागा लहान आणि डॉक्टर स्वतः हजर असेल तर दोराच बरा, असं आपलं मला वाटतं. मित्राने दोन्ही मागवलेत. क्लॅम्पचं खोकं अर्थात मोठं आहे.