एसएमएसचा ओटीपी की ऑथेंटिकेटर अॅप?

पासवर्ड फुटला तरी खातं वाचावं म्हणून लॉगिन करताना पासवर्डनंतर एक कोडही विचारला जातो, हे दुसरं कुलूप. ते एसएमएसवर ठेवायचं की फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर अॅपवर? माझं मत अॅपच्या बाजूने आहे.

एसएमएसचा फायदा म्हणजे काही शिकावं लागत नाही, साधा फोनही चालतो. पण कोड तुमच्या फोनला नाही, तुमच्या नंबरला बांधलेला असतो. कुणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं, की तुमची रेंज जाते आणि ओटीपी थेट त्याच्या हातात पडतात.

अॅपमध्ये ही वाट बंद आहे. सुरुवातीला खातं जोडण्यासाठी वेबसाइटवरचा क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठवली जाते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून साधारण दर ३० सेकंदांनी नवा, बहुधा ६ आकडी कोड तयार होतो. एअरप्लेन मोड लावून बघा, आकडे तरीही बदलत राहतात. कोड चुकीचा ठरला, तर आधी फोनची वेळ ऑटोमॅटिकवर आहे का ते तपासा.

अॅपची खरी अडचण फोन हरवल्यावर कळते. म्हणून बॅकअप कोड (अॅप हाताशी नसताना लॉगिनसाठी वेबसाइट आधीच देते ते कोड) कागदावर उतरवून ठेवा, आणि नवा फोन घेतल्यावर खाती हलवल्याशिवाय जुना रीसेट करू नका, अगदी घाई असली तरी.

खोट्या वेबसाइटवर स्वतःच कोड टाकला, तर मात्र दोन्ही सारखेच हतबल. तिथे पासकी (फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा सिक्युरिटी की (यूएसबीसारखं छोटं उपकरण) कामी येते, कारण ती खऱ्या वेबसाइटवरच चालते.

जिथे फक्त एसएमएसच मिळतो तिथे तोच लावा, काही नसण्यापेक्षा कितीतरी बरा. सुरुवात ईमेलपासून करा, बाकीचे बहुतेक पासवर्ड तिथूनच रीसेट होतात.