ह्वा लो तुरुंग संग्रहालय, हनोई: मॅकेन यांच्या आयुष्याचा अर्धाच भाग

अमेरिकेचे दिवंगत सेनेटर जॉन मॅकेन यांच्याविषयी कुतूहल असलेल्या पर्यटकाने हनोईतील ह्वा लो तुरुंग संग्रहालय अवश्य पाहावे, कारण व्हिएतनाम युद्धात ते येथेच कैदेत होते; परंतु त्यांचे चरित्र थोडेफार वाचूनच तेथे जावे. मूळ तुरुंगाचा मोठा भाग १९९० च्या दशकात पाडला गेला आणि प्रवेशद्वाराकडचा जो भाग उरला, त्यात हे संग्रहालय आहे. फ्रेंच राजवटीची दालने अत्यंत परिणामकारक आहेत. पायात खोडे अडकवलेल्या व्हिएतनामी कैद्यांचे पुतळे, अंधाऱ्या कोठड्या आणि गिलोटिन हे शिरच्छेदाचे यंत्र पाहताना वसाहतवादाचे क्रौर्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अमेरिकी युद्धकैद्यांच्या दालनांविषयी मात्र असे म्हणता येत नाही. २६ ऑक्टोबर १९६७ रोजी नौदलाचे वैमानिक असलेल्या मॅकेन यांचे विमान हनोईवर पाडले गेले आणि दोन्ही हात व एक पाय मोडलेल्या अवस्थेत ते त्रुक बाक तलावात पडले. त्यांचा म्हणून सांगितला जाणारा वैमानिकाचा पोशाख येथे मांडला आहे. बाकी छायाचित्रांत कैदी बास्केटबॉल खेळताना आणि नाताळ साजरा करताना दिसतात. ज्या छळामुळे पुढे आयुष्यभर मॅकेन यांना हात खांद्याच्या वर नेता आले नाहीत, त्याचा मागमूस येथे लागत नाही. वडील अमेरिकी सैन्याच्या प्रशांत महासागर विभागाचे सरसेनापती होत असताना १९६८ मध्ये त्यांना लवकर सुटकेचा प्रस्ताव देण्यात आला होता. आपल्याआधी पकडलेले सहकारी सुटल्याशिवाय जाणार नाही, असे सांगून त्यांनी तो नाकारला आणि १४ मार्च १९७३ पर्यंत ते कैदेत राहिले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

ही उणीव मोठी वाटण्याचे कारण त्यांच्या संसदीय कारकिर्दीत आहे. १९८३ मध्ये प्रतिनिधीगृहात आणि १९८७ मध्ये सेनेटमध्ये गेलेल्या या रिपब्लिकन नेत्याने २००५ मध्ये स्वपक्षाच्याच सरकारचा विरोध असताना बंदिवानांना क्रूर वागणूक देण्यास मनाई करणारी तरतूद मांडली आणि ती सेनेटमध्ये ९० विरुद्ध ९ मतांनी संमत झाली. छळ म्हणजे काय हे त्यांनी याच शहरात सोसले होते, आणि तरीही १९९५ मध्ये अमेरिका-व्हिएतनाम संबंध पूर्ववत व्हावेत म्हणून डेमोक्रॅटिक सेनेटर जॉन केरी यांच्यासोबत त्यांनीच पुढाकार घेतला. ज्याने इतक्या मोकळ्या मनाने समेट केला, त्याच्याविषयी पूर्ण सत्य सांगण्यास या संग्रहालयाने संकोच करण्याचे काहीच कारण नव्हते.

भाड्याने मिळणारा श्राव्य मार्गदर्शक जरूर घ्यावा, कारण फ्रेंच काळाची माहिती त्यात तपशिलाने मिळते. त्याच दिवशी त्रुक बाक तलावाकाठचे स्मारकही पाहावे. ते मॅकेन यांना पकडल्याच्या विजयाप्रीत्यर्थ उभारलेले असले, तरी २०१८ मध्ये त्यांच्या निधनानंतर लोकांनी तेथेच फुले वाहिली होती.