वैमानिकांचा थकवा मोजणारं अ‍ॅप: हिरव्या खुणेवर किती विसंबायचं?

अ‍ॅपमधली चाचणी वैमानिक किती चटकन प्रतिसाद देतो ते मोजते आणि तो तरतरीत वाटला की हिरवी खूण दाखवते. पडद्यावर आकडे धावू लागले की बोट टेकवायचं, एवढंच काम. मूळ चाचणी 10 मिनिटांची. प्रतिसादाला 500 मिलिसेकंदांहून उशीर झाला की ती लक्ष सुटल्याची चूक धरतात. 3 मिनिटांच्या आवृत्तीत हीच मर्यादा 355. गोम आहे ती टचस्क्रीनमध्ये: तिचा स्वतःचा विलंब मोजणीत मिसळतो, म्हणून दर वेळी तोच टॅबलेट, तेच बोट. डुलकीतून उठल्या उठल्या चाचणी घेऊ नये, गुंगी उतरायला वीसेक मिनिटं जाऊ द्यावीत. सगळ्यात मोठी खोट म्हणजे अ‍ॅप फक्त आत्ताचं सांगतं. रात्री 10 वाजता तरतरीत असलेला वैमानिक पहाटे 4 च्या लँडिंगला तसाच असेल, हे त्याला कुठून कळणार? तरी हिरवी खूण दाखवून ते मोकळं!