तलवारीची मूठ बसवताना: लाख की इपॉक्सी?

आजोळच्या जुन्या तलवारीचं पातं मुठीत हलू लागलं की हा प्रश्न येतोच, विशेषतः गोव्याच्या पावसाळ्यानंतर. डिचोली-सत्तरीत घोडेमोडणीला, म्हणजे शिगम्यातल्या तलवारीच्या नाचाला, हातात घ्यायची असेल तर तो आणखी महत्त्वाचा.

मेहनत लाखेला जास्त. दोन भाग लाखेची पूड, एक भाग चाळलेली विटेची पूड. मूठ उलटी धरून पोकळी भरायची, पात्याचा शेपटा (मुठीत जाणारं टोक) तापवून सावकाश दाबायचा. कडेला उकळून आलेली लाख गार व्हायच्या आत पातं सरळ करून घ्यायचं, नंतर संधी नाही. पात्यावर ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर उष्णता चढून पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं. लाख जळून काळी, रबरासारखी झाली तर ती पुन्हा वितळत नाही, पकडही जाते. इपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद, त्या मानानं सोपी: दोन्ही ट्यूब सांगितलेल्या मापात, चोवीस तास न हलवता. पण शेपट्यावर तेल किंवा सुटा गंज राहिला तर ती धरत नाही.

बळकटी इपॉक्सीचीच. उन्हात तापलेल्या गाडीत लाख मऊ पडू शकते.

दुरुस्तीत मात्र लाख जिंकते. मूठ उकळत्या पाण्यात धरली की पातं सुटतं, आतला गंज काढता येतो. इपॉक्सी सोडवायला खूप जास्त उष्णता लागते, त्यात मुठीवरचं चांदीचं काम खराब होऊ शकतं.

देव्हाऱ्यातली, दसऱ्याला पुजायची, जुनी मूठ असलेली तलवार लाखेनंच बसवा. नाचात फिरवायची, नव्या मुठीची असेल तर इपॉक्सी.