राजमाची: लोणावळ्याहून चालत जावं की कर्जतहून चढावं?

राजमाची किल्ल्याचा बेत ठरला की मुंबईतल्या प्रत्येक ग्रुपवर तोच वाद रंगतो. एक जण म्हणतो, कर्जतहून जाऊ, लोकलने थेट पोचतो आणि अंतर कमी. दुसरा म्हणतो, लोणावळ्याहून जाऊ, चढच नाही. दोघांचंही खरं आहे, पण तेवढ्यावर ठरवू नये. महिना कुठला आहे आणि परत कुठल्या स्टेशनवर यायचंय, एवढं आधी बघा. बाकीचं आपोआप ठरतं.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटरवर आहे. म्हणजे घाटाची चढण रेल्वेच चढून देते. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात ती त्यासाठीच. मुंबईहून पहाटेची इंद्रायणी एक्सप्रेस पकडली तर ऊन चढायच्या आत शहराबाहेर पडता येतं. तुंगार्ली धरणाच्या बाजूने निघायचं, वळवंडचा फाटा सोडायचा आणि फणसराईवरून किल्ल्याच्या पायथ्याची उधेवाडी गाठायची. हे एकूण 15-16 किलोमीटर होतात. वाट रुंद, गाडी जाईल अशी, चढउतार किरकोळ. रमतगमत गेलात तर पाच तास धरा.

शरीराला ही वाट सोपी, पण कंटाळवाणी होऊ शकते. मधल्या पट्ट्यात वळण संपलं की पुढे तसंच दुसरं वळण. त्यात शनिवार-रविवारी जीप आणि बाइकवाल्यांची वर्दळ असते. कोरड्या दिवसांत ते धुरळा उडवतात आणि पावसाळ्यात त्यांच्या चाकांनी पडलेल्या चरांमध्ये राडा साचतो. बुटाला चिकट मातीचा इतका थर चढतो की थोडं चाललं की थांबून काठीने खरवडावा लागतो. जोराच्या पावसात ओढेही फुगतात. पाणी गढूळ असेल आणि तळ दिसत नसेल तर पलीकडे जायची घाई करू नका. पाऊस थांबला की पाणी बऱ्याचदा तास-दोन तासांत ओसरतं.

कर्जतची वाट वेगळ्याच स्वभावाची. मध्य रेल्वेच्या लोकलने कर्जत, स्टेशनबाहेरून रिक्षाने कोंदिवडे (भाडं आधी ठरवा, परतीचंही बोलून ठेवा) आणि तिथून पायी. चाल लोणावळ्याच्या निम्म्याहून कमी, पण घाटाचा कडा तुम्हाला स्वतःच्या पायांनी चढायचा असतो. सवय असेल तर अडीच-तीन तास. नसेल तर चार, आणि मध्ये दोनदा ‘अजून किती राहिलं?’ होणारच.

हा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी डोंगराचीच सावली पाठीवर असते, झाडीही दाट. दुपारी बाराला चढायला लागलात तर तोच कडा भट्टीसारखा तापतो. ‘कर्जतची वाट जीवघेणी आहे’ म्हणणारे बहुतेक जण उशिरा निघालेले असतात. पहिली कर्जत लोकल चुकली तर बेत बदला.

या वाटेचं खरं धन म्हणजे कोंडाणे लेणी. चढाच्या सुरुवातीच्या टप्प्यातच हा बौद्ध लेणीसमूह लागतो, इसवी सनापूर्वीचा. चैत्याचा, म्हणजे प्रार्थनागृहाचा, दर्शनी भाग बराच कोसळलाय, पण वरची कमान आणि लाकडी बांधकामाची दगडात उतरवलेली नक्कल अजून शाबूत आहे. चैत्याच्या तोंडाशी एका फुटक्या मूर्तीचं शिर राहिलंय. त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरं आहेत: कण्हाचा शिष्य बलक याने हे घडवलं. त्या काळातल्या कारागिराचं नाव असं समोर क्वचितच येतं, तेव्हा पाणी प्यायला थांबाल तेव्हा ते जरूर शोधा. पावसाळ्यात लेण्यांच्या माथ्यावरून धबधबा कोसळतो आणि सगळी गर्दी त्याच्याखाली भिजत असते. लेणी बघायला आत कुणी फारसं जात नाही, म्हणजे ती तुमच्यासाठी मोकळीच.

दोन्ही वाटा शेवटी उधेवाडीतच पोचतात. घरगुती मुक्काम, पिठलं-भाकरी, श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मधलं भैरवनाथाचं देऊळ, तळ्याकाठचं जुनं शिवमंदिर, हे कुठूनही आलात तरी तेच. जेवण मात्र आधी सांगून ठेवा. एका दिवसात जाऊन येणं लोणावळ्याहून म्हणजे तीसेक किलोमीटर, त्यात किल्ला बघायला वेळच उरत नाही. एकच दिवस हातात असेल तर कर्जत.

महिन्याचं सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये मी नवख्यांना कोंदिवड्याच्या वाटेने उतरू देणार नाही. चढताना निसरडा दगड निभावतो, उतरताना तोच दगा देतो. या दिवसांत लोणावळ्याहून जा आणि लोणावळ्यालाच या. धबधब्यांवर प्रशासनाची बंदी लागते, तीही निघण्याआधी तपासा. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी झुंबड उडते. तेव्हाही लोणावळाच, कारण रात्री चालता येण्याजोगी वाट तीच आहे. अंधारात कोंदिवड्याहून चढायचं धाडस वाट माहीत असलेल्या माणसाशिवाय करू नये.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा मात्र चैनीचा काळ. तेव्हा एकाच वाटेने जाऊन-येऊन करणं म्हणजे निम्मी मजा सोडणं. मी सुचवेन: सकाळी कोंदिवड्याहून चढा, रात्री उधेवाडीत राहा, दुसऱ्या दिवशी लोणावळ्याकडे चाला. गुडघे वाचतात. यात एकच अडचण, रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाड्या पुण्याहूनच भरून येतात. जनरल डब्यात सॅकसकट शिरणं हा स्वतंत्र ट्रेक आहे. उलट कर्जतहून लोकल सुटते, त्यामुळे खिडकी मिळते आणि वडापाव खाऊन झोपता येतं. गुडघे ठणठणीत असतील तर क्रम उलटा करा. ते कुरकुरत असतील तर आरक्षण करून लोणावळाच बरं.

लहान मुलं किंवा आई-बाबा सोबत असतील तर पाऊस संपल्यावर लोणावळ्याहून जीप ठरवा. शेवटचे दोन-तीन किलोमीटर उतरून चालू द्या, तेवढ्यात सगळ्यांची हौस भागते.