डिझेल इंजिन: टर्बोला सुपरचार्जरची जोड द्यावी की व्हीजीटी बसवावा?

मोठा टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या (बाहेर पडणाऱ्या वायूच्या) जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंप, लावलेलं डिझेल इंजिन कमी आरपीएमला ओढत नाही आणि काळा धूर ओकतं. डिझेल पोचतं, पण टर्बो फिरवण्याइतका एक्झॉस्ट अजून नसतो. यावर उपाय दोन: इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा हवेचा पंप, म्हणजे सुपरचार्जर, जोडीला देणं, किंवा टर्बाइनभोवतीच्या (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाभोवतीच्या) पात्या उघडझाप करणारा व्हीजीटी टर्बो बसवणं.

जोडीत दाबांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. सुपरचार्जर 1.5 पट आणि टर्बो 2 पट दाबत असेल, तर हवा वातावरणाच्या 3 पट दाबाने पोचते. गेज वातावरणाच्या वरचा दाबच दाखवतो, म्हणून त्यावर सुमारे 2 बार. 2.5 लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात 1.25 लिटर हवा घेतं. फेऱ्याला 1 लिटर देणारा रूट्स ब्लोअर (सुपरचार्जरचाच एक प्रकार) पुलीने दुप्पट वेगाने फिरवला, की गळती धरूनही दीडपटीच्या आसपास दाब मिळतो, तोही टर्बो जागा होण्याआधी. मात्र 2000 आरपीएमला तो 4-5 किलोवॅट खातो आणि 25 अंशांची हवा 95 अंशांच्या घरात नेतो. इंटरकूलरवाचून (दाबलेली हवा थंड करणाऱ्या कूलरवाचून) हे करूच नये.

खरी मेख बायपास झडपेत आहे. टर्बो भरात आला की झडप पूर्ण उघडून हवेला ब्लोअर टाळून थेट वाट मिळाली पाहिजे. ती बंद अडकली, तर वरच्या आरपीएमला ब्लोअरच हवेची वाट अडवतो. उघडी अडकली, तर तीच हवा ब्लोअरभोवती फिरत तापत राहते आणि दाब शून्य. शिवाय ब्लोअर जोडणारा-सोडणारा मॅग्नेटिक क्लच घसरणं, पट्टा सुटणं हे आहेच. डिझेलचा पंप यांत्रिक असेल, तर त्याच्या बूस्ट डायफ्रॅमची (हवेच्या दाबानुसार डिझेल वाढवणाऱ्या पडद्याची) नळी इंटरकूलरनंतरच्या मॅनिफोल्डवरूनच (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावरूनच) घ्या. नाहीतर हवा वाढेल, डिझेल वाढणार नाही.

व्हीजीटीत पट्टा, क्लच, बायपास काहीच नाही. काजळीने पात्या जाम होणं हे त्याचं नेहमीचं दुखणं, आणि पात्या हलवायला नीट कंट्रोलर लागतो. तरी रस्त्यावरच्या गाडीसाठी आम्ही व्हीजीटीच सुचवू.

जोडीला तोड नाही ती वेगवान बोटीत, कारण बोट पाण्यावर उचलली जाईपर्यंत प्रोपेलर मधल्या आरपीएमलाच सगळा जोर मागतो. व्होल्वो पेंटाच्या केएडी मालिकेत म्हणूनच क्लचवर चालणारा कॉम्प्रेसर टर्बोसोबत होता. डेट्रॉइट डिझेलच्या टू-स्ट्रोक इंजिनांची गोष्ट वेगळी: तिथे सिलिंडर स्वतः हवा ओढत नाही, त्यामुळे ब्लोअर काढला तर इंजिन सुरूच होणार नाही.